कूतच्या वेढ्यात मराठा पलटणीतल्या शिपायांना कोणते आजार झाले होते?

मुख्यतः स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. पहिल्या महायुद्धात तुर्कांचा हा वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा पडला होता. आजच्या इराकमधल्या, तायग्रिस नदीच्या वळणावरच्या कूत-अल-अमारा गावात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची पुण्याची सहावी डिव्हिजन अडकली. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीही होत्या.

भाजीपाला संपला, दूध नाही. मग घोडे कापायला लागले. गोरे सोल्जर ते मांस खात होते, पण बहुतेक हिंदी शिपाई धर्माच्या भीतीने कित्येक आठवडे त्याला हात लावेनात. ताजं मांस नाही, भाजी नाही. हिरड्या सुजून रक्त यायला लागलं, जुन्या जखमा भरेनात. भूक मारायला काहीजण अफू घेत. माळावरचं गवत-पाला उकडून भाजी करत, त्यात कधी विषारी पाला निघे.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) गोऱ्यांना वेगळाच आजार झाला, बेरीबेरी ('ब-१' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा). त्यांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळत होता, आपल्या लोकांना कोंड्यासकट जाडं पीठ. गोऱ्यांनाही तेच पीठ द्यायला लागल्यावर बेरीबेरी कमी झाला. 'क' जीवनसत्त्व वेगळं काढायला तेव्हा अजून दीडेक दशक अवकाश होता, त्यामुळे डॉक्टर बरंचसं अनुभवावरच चालत होते.

शरणागतीनंतर बगदाद-मोसुलकडच्या पायपिटीत हगवणीने त्याहून जास्त माणसं गेली. तुमचे पणजोबा कूतला होते असं घरात बोललं जात असेल, तर 'दात पडले होते' अशी आठवण कुणाच्या तोंडी आहे का, तेवढं विचारून बघा.