फादरचं पात्र पहिल्यांदाच करतोयस?

भावा, लिहायला पहिलंच पात्र तरुण कॅथलिक फादरचं घेतलंस, झकास!

- वय २५ च्या खाली नको, चर्चचा नियमच आहे.
- फादर म्हणजे पास्टर नव्हे; फादर कॅथलिक धर्मगुरू, पास्टर प्रोटेस्टंट. कोल्हापुरात जुनं मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटच, म्हणून ही गल्लत सर्रास होते. पास्टर लग्न करतो, तुझा फादर नाही.
- कन्फेशनमध्ये, म्हणजे कुणी पापाची कबुली देताना, ऐकलेलं तो कुणालाच सांगत नाही, पोलिसांनासुद्धा नाही. खरं नाट्य इथंच आहे. कबुली देणारा तोच माणूस रंकाळ्यावर हसत समोर आला तर फादर काय करेल, हे आधी लिहून काढ.

भक्ती भाषणातून दाखवू नकोस. कन्फेशन ऐकताना घालायचा जांभळा स्टोल (लांब पट्टा) गळ्यात घालण्याआधी तो त्याचं चुंबन घेतो, तेवढं पुरे. लॅटिन, भूत उतरवणं नंतर बघू. पहिला प्रसंग लिहिलास की दाखव.