ऑलिंपिकला व्हॉलंटिअर म्हणून जातोयस? आधी राहायची सोय बघ

निवडीचा मेल आला म्हणून लगेच विमानाचं तिकीट काढू नकोस. पॅरिस २०२४ला आम्ही सुमारे ४५,००० स्वयंसेवक होतो. गणवेश, ड्यूटीच्या दिवशीचं जेवण आणि मेट्रोचा पास मिळाला. विमानभाडं आणि राहणं मात्र आपल्याच खिशातून. त्यामुळे आधी खोली पक्की कर.

ड्यूटी कुठे लागेल ते आपल्या हातात नसतं. नेमबाजी तर पॅरिसपासून लांब, शातोरूला होती. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेला कांस्य मिळालं, तेव्हा मी मेट्रोबाहेर प्रेक्षकांना वाट दाखवत होतो. पण ते काम मनापासून कर. व्हीलचेअरवरच्या आजी दिसल्या तर नुसतं बोट दाखवू नकोस; तिकिटावरचं गेट बघ, लिफ्टपर्यंत सोबत चाल.

ड्यूटीवर खेळाडूंकडे सेल्फी मागायची नाही. चांगले मोजे घे. लॉस एंजेलिस २०२८चा विचार असेल, तर व्हिसाची चौकशी आत्तापासूनच कर.