अर्थशास्त्र मेजर, कम्प्युटर मायनर: अर्ज भरण्याआधी

चवथीच्या गडबडीत लिहिलेलं तुझं पत्र वाचलं. तुझे प्रश्न तीन. अर्थशास्त्र मेजर (मुख्य विषय) आणि कम्प्युटर सायन्स मायनर (जोडीचा छोटा विषय) ही जोडी अमेरिकेत चालेल का? अर्जात विषय न ठरवता 'अनडिक्लेअर्ड' लिहिलं तर नुकसान होतं का? आणि बाबांना काय सांगायचं, कारण ते कम्प्युटरशिवाय दुसरं नाव ऐकून घेत नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी चांगलं देऊ शकेन, कारण नेमकी हीच जोडी घेऊन मी २०१८ साली पदवीधर झालो आणि तिच्यापायी तोंडघशी पडलो.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, खाणपट्ट्यातला. आमचे खनिज वाहणारे दोन टिप्पर होते. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी अकरावीत होतो. टिप्पर घरासमोर उभे राहिले, पावसाळा संपेपर्यंत चाकांभोवती गवत वाढलं. पण मला जास्त आठवतं ते गॅरेजवाल्याचं, टायरवाल्याचं आणि चहाच्या गाड्याचं बंद होणं. एकाची मिळकत थांबली की दहाजणांची कशी थांबते, हे मी पुस्तकात वाचण्याआधी रस्त्यावर पाहिलं होतं. म्हणून अर्थशास्त्र. आणि पोट भरायला कम्प्युटर, म्हणून तो मायनर. सरळ हिशेब वाटला होता. शिष्यवृत्ती चांगली मिळाली, उरलेलं कर्ज मामाने घर गहाण ठेवून उभं केलं, आणि २०१४ च्या ऑगस्टात मी ओहायोत उतरलो.

आता चूक कुठे झाली ते बघ. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवी घेतली की ओपीटीखाली, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या तात्पुरत्या परवानगीवर, १२ महिने नोकरी करता येते. पदवी अमेरिकी सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतली असेल आणि कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासायच्या सरकारी व्यवस्थेत, नोंदलेली असेल, तर आणखी २४ महिने मिळतात. म्हणजे एक वर्ष की तीन वर्षं, इतका फरक. आणि हे ठरतं मेजरवरून. प्रत्येक मेजरला सहा आकडी सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, असतो आणि तो तुझ्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापलेला येतो. साध्या अर्थशास्त्राचा कोड ४५.०६०१, तो स्टेम यादीत नाही. इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीने अर्थशास्त्र तपासणं) आणि संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३, तो आहे. वर्गात शिकवायचं तेच, फळ्यावर तीच समीकरणं, पण शेवटचा आकडा वेगळा.

मी कम्प्युटरचे सहा कोर्स केले होते. माझी समजूत अशी की एवढं केलं म्हणजे स्टेममध्ये आपण बसणारच. शेवटच्या सेमिस्टरला कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी फाईल चाळली आणि शांतपणे सांगितलं की स्टेमच्या मुदतवाढीला मायनर धरत नाहीत. चार वर्षांत हे मला एकाही सल्लागाराने सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या होत्या. घरून फोन आला की मी हवापाण्याबद्दल बोलायचो.

१२ महिन्यांत एच-१बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीत माझं नाव एकदाच जाऊ शकलं, २०१९ च्या एप्रिलमध्ये. निघालं नाही. माझ्याच वर्गातली एक मुलगी गणिताची मेजर होती. तिला तीन वेळा संधी मिळाली आणि तिसऱ्यांदा तिचं नाव आलं. मी मग संख्याशास्त्रात मास्टर्सला गेलो, शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी माफ होती म्हणून जमलं. वरची पदवी घेतली की ओपीटी नव्याने मिळते, आणि संख्याशास्त्र स्टेममध्ये आहे. गाडी रुळावर आली, पण दोन वर्षं आणि बरीच झोप गेली.

तेव्हा अर्थशास्त्र घेऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. गेल्या काही वर्षांत कित्येक विद्यापीठांनी आपलं अर्थशास्त्र ४५.०६०१ वरून ४५.०६०३ वर नेलं आहे, ते याच कारणाने. काही ठिकाणी एकाच विभागात दोन्ही आहेत, बी.ए.ला एक कोड आणि बी.एस.ला दुसरा. माहितीपत्रकाच्या चकचकीत पानावर हे लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. दुसरा मार्ग डबल मेजरचा. आय-२० वर मेजर १ आणि मेजर २ अशा दोन जागा असतात, आणि दुसरं मेजर स्टेममधलं असेल तर ते चालतं. पण ते नुसतं तुझ्या मनात असून उपयोग नाही, त्या कागदावर उमटायला हवं. तिसरा मार्ग जोडपदव्यांचा: इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेनमध्ये 'सीएस + एक्स' नावाच्या पदव्या आहेत, त्यात कम्प्युटर सायन्स आणि अर्थशास्त्र ही तुझीच जोडी एकच मेजर म्हणून मिळते. तिथे प्रवेश कठीण आहे, पण असा प्रकार असतो हे तुला ठाऊक असू दे. हे नियम बदलत असतात, म्हणून स्टेमची यादी होमलँड सिक्युरिटी खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहा. एजंटच्या तोंडी हिशेबावर विसंबू नकोस, माझ्याही नको.

तू लिहिलंयस की तुझ्या चुलतभावाच्या मते मायनर म्हणजे जिथे जागा शिल्लक असेल तो विषय. बरोबर, त्याचा अनुभव गोव्यातल्या कॉलेजचा आहे. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत २०२३ पासून चार वर्षांची रचना आली, मेजर-मायनर हे शब्द आता फोंड्यातही रोजचे झाले. पण तिथे तू अर्ज करतानाच मेजर धरतेस आणि कॉलेज जे देतं त्यातून मायनर उचलतेस. अमेरिकेत साधारण १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप) पदवी, म्हणजे आठ सेमिस्टरं, दर सेमिस्टरला १५. त्यातला मोठा तुकडा सर्वांना सक्तीच्या विषयांचा: लेखन, इतिहास, विज्ञान, एखादी भाषा. मेजर दहा ते चौदा कोर्सचं, मायनर पाच-सहा कोर्सचं. म्हणजे मायनरसाठी फार वेगळा वेळ काढावा लागत नाही, तो मोकळ्या क्रेडिटमध्ये बसतो. फक्त एकच कोर्स मेजर आणि मायनर दोन्हीकडे मोजायला किती परवानगी आहे, ते प्रत्येक कॉलेजचं वेगळं. (हार्वर्ड आणि ब्राऊनमध्ये मेजरला मेजर म्हणतच नाहीत, कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. शोधताना गोंधळू नकोस.)

'अनडिक्लेअर्ड'बद्दल. कला आणि विज्ञानाच्या बहुतेक कॉलेजांत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मेजर जाहीर करायची मुभा असते, तिथे बिनधास्त लिही, कुणी कमी लेखत नाही. अपवाद कम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगचा. कित्येक मोठ्या सरकारी विद्यापीठांत त्यांना थेट प्रवेश लागतो. आधी आत शिरू, मग बदलू, हे तिथे चालत नाही. तेव्हा बाबांचा आग्रह मानायचा असेल तर अर्जातच मानावा लागेल. आणि मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत 'काय शिकणार' या प्रश्नावर 'अजून ठरवलं नाही' एवढंच म्हणून थांबू नकोस. कुठल्या दोन-तीन विषयांत ओढ आहे आणि ते याच कॉलेजात का, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

आता बाबा. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, कारण ते तुझ्या पोटाचं बघतात. पण कम्प्युटर सायन्स ही साखळी आहे. प्रोग्रॅमिंग, मग डेटा स्ट्रक्चर्स, मग अल्गोरिदम, बाजूला डिस्क्रीट गणित. एक कडी उशिरा घातली की पुढच्या सगळ्या एकेक सेमिस्टर सरकतात. शिष्यवृत्ती बहुधा आठ सेमिस्टरांचीच असते, नवव्याची फी आपल्या खिशातून. म्हणून पहिल्या वर्षी तू काहीही ठरवलं नसलंस तरी दोन गोष्टी घेच: प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स आणि कॅल्क्युलस. या दोन घेतल्यास तर कम्प्युटर, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, गणित, चारही दारं दुसऱ्या वर्षापर्यंत उघडी राहतात. न घेतल्यास तर दारं आपोआप लागतात आणि आवाजही येत नाही. बाबांना एवढंच सांग की पहिल्या वर्षाचा अभ्यास त्यांच्या मनासारखाच आहे.

गोवा बोर्डाच्या बारावीच्या गणितात डिफरेन्शिएशन, इंटिग्रेशन, डिफरेन्शियल इक्वेशन्स सगळं आहे, त्यामुळे ऑगस्टात गेल्या गेल्या, कुठल्या कोर्सपासून सुरुवात करायची ते ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा असते ती नीट दे. कॅल्क्युलस-एक टळू शकतं. मात्र कॅल्क्युलस-दोनमधल्या अनंत मालिका आपल्याकडे होत नाहीत, तिथे आपली पोरं पहिल्यांदा चाचपडतात. मला तिथे सी मिळाला होता. मार्चनंतर सुट्टीत तेवढं वाचून जा.

पत्राच्या शेवटी तू सहज लिहिल्यासारखं एक वाक्य टाकलंयस: सावईवेऱ्याच्या आजीच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी कधी, किती सोडायचं, याची तू तीन उन्हाळे वहीत नोंद ठेवतेस. बाय, अख्ख्या पत्रात मला हेच वाक्य सर्वांत कामाचं वाटलं. कुणी सांगितलेलं नसताना माणूस जे मोजत बसतो, त्याच्या आसपास त्याचा विषय असतो. माझं मत विचारशील तर मेजर संख्याशास्त्र किंवा ४५.०६०३ वालं अर्थशास्त्र, आणि मायनर पर्यावरण किंवा भूगोल, ज्यात नकाशे आणि जीआयएस, म्हणजे कम्प्युटरवर नकाशाला माहिती जोडायचं तंत्र, शिकवतात. मायनरकडून नोकरीची किंवा व्हिसाची अपेक्षा करू नकोस. तिथे ती वही घेऊन बस. माझ्या कम्प्युटर मायनरवर मी व्हिसाचं ओझं टाकलं, त्यामुळे त्यातला आनंदही गेला.

कॉलेजं निवडताना पहिल्या वर्षाचे कोर्स बघू नकोस, ते सगळीकडे सारखे. तिसऱ्या वर्षाची यादी बघ आणि मागच्या चार सेमिस्टरांचं वेळापत्रक काढून त्यातले किती कोर्स खरंच शिकवले गेले ते पडताळ. माझ्या छोट्या कॉलेजात इकॉनोमेट्रिक्स दोन वर्षांतून एकदा व्हायचं, आणि माझ्या पाळीला सर रजेवर होते. कागदावर कोर्स होता, वर्गात नव्हता. आणि कोर्स जड वाटला तरी १२ क्रेडिटच्या खाली परवानगीशिवाय उतरता येत नाही, व्हिसाची अट आहे. पहिल्या सेमिस्टरला तीन गणिती विषय एकत्र घेऊ नकोस.

स्विंडनच्या मावशीकडे राहून इंग्लंडमध्ये शिकायचा पर्यायही तू लिहिलास. तिथे अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो, तीन वर्षं तोच, मेजर-मायनरचा खेळ जवळपास नाही. तुझ्यासारख्या दोन मनं असलेल्या मुलीला ते घट्ट होईल. स्कॉटलंडमध्ये चार वर्षं असतात, तिथे थोडा सैलपणा आहे. आणि आजोबांच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट काढला की तिथली फी कमी होईल, हे गावातलं बोलणं जुनं झालं. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, नव्याने जाणाऱ्याला इंग्लंडमध्ये ती सवलत नाही. वर भारतीय नागरिकत्व जातं ते वेगळंच.

या आठवड्यात एक काम कर. तुझ्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजला छोटी मेल पाठव, त्यात चारच प्रश्न: तुमच्या अर्थशास्त्राचा सीआयपी कोड कोणता, डबल मेजर केलं तर दोन्ही आय-२० वर येतात का, मेजर आणि मायनरमध्ये किती कोर्स सामाईक धरता, आणि शिष्यवृत्ती किती सेमिस्टरांची. उत्तरं आली की मला पाठव, आपण फोनवर बसून एकेक कॉलेज खोडू. रविवारी तुमच्याकडे रात्रीचे नऊ झाले की मी मोकळा असतो.