आईची शुगर आणि थायरॉइड दोन्ही आहेत, एंडोक्रायनोलॉजिस्ट कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की आईला १२ वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन आणि थायरॉइडची गोळी दोन्ही चालू आहे, तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए१सी, ९.४ आली. आणि शहरात 'मधुमेहतज्ज्ञ' अशा पाट्या इतक्या, की कुणाकडे न्यावं कळत नाही. आमच्या अण्णांच्या वेळी माझीही हीच गत होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाटीचं बघू. एमबीबीएस, मग एमडी, आणि त्याच्यावर तीन वर्षांचं डीएम किंवा डीआरएनबी एंडोक्रायनोलॉजी केलेले ते एंडोक्रायनोलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. डायबेटॉलॉजिस्ट हा शब्द मधुमेहाचा डिप्लोमा किंवा छोटा कोर्स केलेले डॉक्टरही लावतात. त्यात गैर काही नाही. साधी शुगर असेल तर अनुभवी एमडी डॉक्टर ती छान सांभाळतात. पण शुगरच्या जोडीला थायरॉइड आहे, इन्सुलिन वाढवूनही आकडा हलत नाही, किंवा शुगर सारखी एकदम खाली जाते, अशा वेळी हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवावंच. तुमच्या आईचं तसंच दिसतंय.

पदवी बघून झाली तरी निवड निम्मीच होते. उरलेली निम्मी पहिल्या भेटीत कळते.

अण्णा सहा वर्षं इन्सुलिनवर होते. आधीचे डॉक्टर रिपोर्ट बघायचे, आकडा जास्त दिसला की चार युनिट वाढवायचे. २४ वरून ५२ वर गेलो, शुगर तिथेच. घरात रोज कटकट. अण्णा बाहेर काहीतरी गोड खातात, असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. नव्या डॉक्टरबाईंनी फाईल चाळली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "अण्णा, शर्ट वर करा, सुई कुठे टोचता ते दाखवा." बेंबीच्या उजवीकडे त्यांनी बोटांनी चाचपलं आणि माझा हात धरून तिथे ठेवला. कातडीखाली लिंबाएवढी, रबरासारखी गाठ होती. तिथे दुखत नाही म्हणून अण्णा रोज तीच जागा धरायचे, आणि एकच सुई आठ-आठ दिवस वापरायचे. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन अंगात नीट शोषलंच जात नाही. बाईंनी जागा बदलायला लावली आणि त्याच दिवशी डोस मुद्दाम कमी केला, कारण चांगल्या जागी तेवढंच इन्सुलिन टोचलं तर शुगर धाडकन खाली आली असती. तीन महिन्यांनी ३६ युनिटांवर एचबीए१सी ९.८ वरून ७.६ वर आलं. अण्णांवर वर्षभर घेतलेला तो संशय मला अजून खातो.

म्हणून माझं ठाम मत आहे, जो डॉक्टर रिपोर्टाच्या पलीकडे माणूस तपासतो तोच आपला. जाताना नुसती फाईल नेऊ नका, इन्सुलिनची बाटली, सिरिंज आणि आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. बाटलीवर ४० लिहिलं असेल तर लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० असेल तर केशरी. यात अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो किंवा निम्म्याच्याही खाली येतो. चांगले डॉक्टर हे बघतात. थायरॉइडची गोळी कधी घेता, हेही विचारतात. ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची असते. माझी मावशी तिन्ही गोळ्या चहाबरोबरच घ्यायची आणि टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) का उतरत नाही म्हणून डोस वाढतच होता.

मोजे काढून पाय बघतात का, डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा तपासून घ्यायला सांगतात का, तेही बघा. आईचं हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. गुडघेदुखीसाठी कुठली पुडी चालू असेल तर तीही न लाजता दाखवा. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि त्याने शुगर चढते.

'इन्सुलिन कायमचं बंद' असं पॅकेज विकणाऱ्यांच्या दारात उभं राहू नका.

फी परवडत नसेल आणि मुंबई गाठता येत असेल तर परळच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रायनोलॉजीचा वेगळा विभाग आहे. मोठे डॉक्टर लांब असले तरी चालतं. आम्ही कराडहून कोल्हापूरला तीन महिन्यांतून एकदा जातो, मधलं सगळं गावातले डॉक्टर बघतात. मात्र मध्येच शुगर कमी-जास्त झाली तर फोन कुणाला करायचा, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

नंबर लागेपर्यंत एक करा. आज रात्री आई सुई घेईल तेव्हा तिच्या पोटावरून हलकेच हात फिरवून बघा. गाठ लागली तर आपल्या मनाने जागा बदलून तेवढाच डोस देऊ नका. सध्याच्या डॉक्टरांना फोन लावा, गाठ आहे म्हणून सांगा आणि नव्या जागी किती युनिट द्यायचे ते विचारून घ्या.