बरी असतानाच ओपीडीत जा

प्रिय पोरी,

दिवाळीत घरी आलीस तेव्हा तुझ्या सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या रक्ताच्या आजाराची, फाइल चाळली. बारावीपर्यंतचे रिपोर्ट तारखेवार लावलेले आहेत, ते तुझ्या आईचं काम. पुण्याला गेल्यापासूनचा एकही कागद नाही. विचारलं तर म्हणालीस, "काका, काहीच त्रास नाही आता, उगाच कशाला?" तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं म्हणून गप्प बसलो. आता सविस्तर लिहितो.

गडचिरोलीत लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. सिकलसेलच्या स्लाइड्स पाहून पाहून डोळ्यांना चष्मा लागला. दुखणं उठल्यावर येणारे पेशंट आम्हाला भरपूर दिसायचे, बरे असताना येणारे फार थोडे. आणि खरा उपयोग त्या थोड्यांच्या कागदांचा व्हायचा. तुझंच बघ. बरी असताना तुझा एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, साडेसातच्या आसपास असतो. तुझी लाल पेशी दहा-वीस दिवसांत फुटते, इतरांची 120 दिवस टिकते, त्यामुळे तुझं शरीर त्या साडेसातवरच चालायला शिकलंय. पण रात्री कुठल्याशा कॅज्युअल्टीत, ज्यांनी सिकलचा पेशंट क्वचितच पाहिलाय अशा डॉक्टरांसमोर तू पोहोचलीस, तर साडेसात वाचून ते लगेच रक्त चढवायला घेतील. गरज नसताना चढवलेलं रक्त तुला त्रासाचं आहे. एचबी फार वर गेला की रक्त दाट होतं, वारंवार रक्त घेतलं की लोह साठतं, आणि परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या की पुढे खरंच गरज पडेल तेव्हा जुळणारी पिशवी मिळता मिळत नाही. उलट तुझा नेहमीचा आकडा कागदावर असेल आणि त्या रात्री एचबी पाच आला, तर हे नेहमीचं नाही हे त्यांना क्षणात कळेल. म्हणून बरी असतानाचा रिपोर्ट मोबाइलमध्ये हवा आणि पर्समध्येही हवा. मोबाइलची बॅटरी कधी संपते ते तुला मी सांगायला नको.

आता हायड्रॉक्सीयुरियाचं, म्हणजे तुझ्या गोळीचं. 1995 साली अमेरिकेतल्या प्रौढ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात या औषधाने दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. बाळाच्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन ते पुन्हा वाढवतं आणि पेशी विळ्यासारखी वाकायचं प्रमाण घटतं. पण हेच औषध पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही खाली आणू शकतं. म्हणून डोस ठरत असताना दर काही आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायचा असतो. प्लेटलेट 80 हजारांच्या खाली किंवा पांढऱ्या पेशी फार कमी दिसल्या, तर डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतात आणि कमी डोसने परत सुरू करतात. तपासणी न करता नुसती गोळी खात राहणं मला अजिबात पसंत नाही, आणि मनानेच बंद करणं तर त्याहून नाही. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, अशी एक ओळ असते. गोळी नियमित घेतली की तो आकडा वाढतो. "घेते ना रोज" असं सांगणाऱ्या कितीतरी पोरापोरींचा एमसीव्ही जागचा हललेला नसायचा. आम्ही बोलायचो नाही, फक्त डॉक्टरांपुढे कागद सरकवायचो. पुढे कधी मूल हवं असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, हेही आताच डोक्यात ठेव.

लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, वर्षातून एकदा तपासायचं, डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून एक-दोन वर्षांतून. दोन्हीकडे बिघाड सुरू होतो तेव्हा काही दुखत नाही. चालताना खुबा किंवा मांडीचा सांधा दुखायला लागला, तर मात्र वाट बघू नकोस, त्याच आठवड्यात एक्स-रे आणि गरज पडली तर एमआरआय. मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी घेऊन आठ-आठ दिवस ढकलू नकोस, त्याने किडनीवर भार येतो. पॅरासिटामॉलने भागत नसेल, तर दवाखान्यात जा. 101च्या वर ताप गेला की क्लास, परीक्षा काहीही असो, त्याच दिवशी हॉस्पिटल. तुमच्यात प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे संसर्ग तासांत वाढू शकतो. न्यूमोकोकलची लस झालीय की नाही ते आईला विचार, फ्लूची दरवर्षी घे.

पाण्याचं तुझं मला ठाऊक आहे. कॉलेजचं बाथरूम घाण म्हणून सकाळी आठपासून चारपर्यंत घोटभर पाणी पीत नाहीस. सिकलमध्ये किडनी लघवी दाट करू शकत नाही, पाणी बाहेर पडतच राहतं, मग रक्त आटतं आणि रात्री हाडं ठणकतात. ग्रंथालयाचं बाथरूम बरं असेल, तिथे जा. हॉस्टेलच्या वॉर्डनला आजाराबद्दल सांगून ठेव. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल धरलेला आहे, प्रमाणपत्र काढलं तर परीक्षेच्या वेळी कामी येईल. आपल्याकडे या आजाराची लाज फार, विशेषतः लग्नाचं बोलणं निघालं की. त्याची चर्चा नंतर कधीतरी. तूर्त वॉर्डनपासून लपवायचं कारण नाही.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, तपासण्या होतायत, गावोगावी कार्डं वाटली जातायत. चांगलंच आहे. पण तुझं कार्ड आहेच, आता तुला हवा तो एक ठरलेला डॉक्टर. पुण्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात रक्तविकारांची ओपीडी कुठल्या वारी असते ते चौकशी कर आणि पहिल्यांदा बरी असतानाच जा. सोबत इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारा, जुना रिपोर्ट ने, आजपर्यंत किती वेळा रक्त चढलं ते लिहून ने. रक्तगटाची सविस्तर तपासणी करून ठेवाल का, असं स्वतःहून विचार. नवे डॉक्टर तुझ्याकडे संशयाने पाहतील, दुखण्याचं इंजेक्शन मागायला आलीय असं काहींना वाटेल. बरी असताना ओळख झालेली असली की ही अडचण बरीच कमी होते.

सीबीसी झाला की फोटो पाठव. पूर्ण पानाचा पाठव, नुसत्या एचबीच्या ओळीचा नको. एमसीव्ही मी बघणारच आहे.

तुझा
लॅबवाला काका