सीझनच्या तोंडावर

नाशिक, डिसेंबरअखेर

चि. यास अनेक आशीर्वाद,

आपल्या द्राक्षांच्या पॅकहाउसची सूत्रं तुझ्याकडे आली ती नेमकी सीझनच्या तोंडावर. बाकीच्यांचं नवं वर्ष डायरीने सुरू होतं. दिंडोरी-निफाडकडे जानेवारी उजाडला की क्रेट मोजायची घाई. वर्षभराची उद्दिष्टं काढणीनंतरची खरड छाटणी उरकल्यावर निवांत लिही. आत्ता एवढंच कर: कोणता निर्णय कोणी घ्यायचा, ते कागदावर आण. माणूस कामाने दमतो, पण पिचतो तो दिवसभर कानावर पडणाऱ्या "भाऊंना विचारून सांगतो" याने.

साधी वही घे. आठवडाभर तुझ्याकडे येणारा प्रत्येक प्रश्न तीन रकान्यांत टिपून ठेव: कोणी विचारलं, काय विचारलं, त्याला स्वतःला ठरवता आलं असतं का. तेच ते प्रश्न फिरून येताना दिसतील. त्यांतल्या शक्य त्या प्रत्येकाला एक आकडा किंवा डोळ्यांना दिसणारी खूण लाव आणि तो प्रश्न दुसऱ्याच्या हवाली कर. "माल चांगला असेल तर घ्या" हा नियम नव्हे, भांडणाला आमंत्रण आहे.

काढणीचंच बघ. थॉमसन जातीच्या द्राक्षाची साखर १६ ब्रिक्सच्या (रसातल्या गोडीचं माप) खाली असेल तर बाग थांबवायची, हे सुपरवायझरने ठरवावं, तुला फोन न करता. पण नमुना कसा घ्यायचा तेही लिहून दे. बांधाकडच्या, उन्हातल्या ओळीतला एखादा घड रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या यंत्रावर, गोडच लागणार. मधल्या ओळींतले, सावलीतले घड घे आणि प्रत्येकाचे वरचे, मधले, टोकाचे मणी मिळून रस काढ. दुसरी खूण दवाची. थंडीत सकाळी घड ओले असतात. ते सुकल्याशिवाय कात्री लावायची नाही. ओला घड पेटीत गेला की कूज धरतो, शिवाय ओलाव्याने पेटीतल्या ग्रेप गार्डच्या कागदातला कूज रोखणारा गॅस एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात. हे कारण टोळीच्या मुकादमाला एकदा नीट समजावून सांग. कारण कळलं की माणसं नियम पाळतात, नुसती ताकीद दोन दिवस टिकते.

माल नाकारायचा अधिकार क्वालिटी बघणाऱ्याला दे, आणि दिला की त्यात हात घालू नकोस. गेटवर उभा असलेला बागायतदार भावकीतला असतो, निदान ओळखीतला तरी, आणि तो थेट तुला हाक मारतो. तिथे एकदा जरी "घे रे, चालेल" म्हणालास, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे क्वालिटीवाल्याला ओलांडून तुझ्याकडेच येतील. त्याचा निर्णय फिरवायचाच असेल तर वहीत कारण लिहून सही कर. लिहायला लागलं की निम्म्या वेळा आपलाच हात थांबतो.

स्वतःकडे तीनच गोष्टी ठेव. रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या फवारणीच्या अंशांचा, रिपोर्ट हातात आल्याशिवाय निर्यातीच्या बागेत कात्री नाही. कंटेनर कधी सोडायचा ते तू ठरवायचं. आणि भावाचा शब्द फक्त तू द्यायचा, तोही गेटवर उभ्याउभ्या नाही. कोल्ड स्टोरेजचं तापमान (० ते १ अंश) बघायला मात्र रात्री उठून जाऊ नकोस. दर २ तासांनी नोंद करणारा माणूस नेम, आणि आकडा किती चढला की तुला उठवायचं तेही त्याला सांगून ठेव.

रोज लाइन सुरू व्हायच्या आधी १० मिनिटं उभ्याउभ्या बोलून घ्या: किती क्रेट येणार, किती हात आहेत, कोणता कंटेनर कधीचा. वाद निघाला तर तो बाजूला, दोघांतच. बागायतदारांच्या फोनसाठी दुपारी १ ते २ आणि संध्याकाळी ६ ते ७ या वेळा ठेव आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच ग्रुपवर टाक. न सांगता फोन बंद ठेवलास तर "पैसे बुडवतोय" ही बातमी पिंपळगावपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. जेवणाची वेळ पाळ. त्यावर वेगळं काय लिहू.

कॅलेंडरवर आजच तीन खुणा कर: संक्रांत, होळी, ३१ मार्च. संक्रांतीचा एक दिवस निभतो. ३१ मार्चचे हिशेब फेब्रुवारीपासून दर आठवड्याला जुळवत गेलास तर अंगावर येत नाहीत. खरी कसोटी होळीची. पेठ, सुरगाण्याकडची माणसं शिमग्याला गावी जातात. जास्त मजुरी देऊनही ती थांबत नाहीत, थांबवूही नयेत. तोच सुमार भर काढणीचा. म्हणून मुकादमाला याच आठवड्यात विचार: किती जण जाणार, कधी परतणार, मागे कोण राहणार. ते आकडे हाती आल्यावरच मार्चच्या कंटेनरच्या तारखा खरेदीदाराला कळव, आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात जमेल तेवढा माल पुढे काढून घे. टोळी जाण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांचा हिशेब चुकता कर, उचल वळती करून, प्रत्येकाच्या समोर. हिशेब अडकवून ठेवलेली टोळी पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पॅकहाउसला दिसते.

तुझा,
काका