वाचकांचे प्रश्न : भाजलेलं चिकन दुसऱ्या दिवशी

प्रश्न : शेतात पार्टी झाली की निखाऱ्यावर भाजलेलं चिकन किलोभर तरी उरतं. सकाळी तव्यावर गरम केलं की छातीचे तुकडे सुतळीसारखे लागतात, मसालाही कडू होतो. काय करावं? (यावल)

उत्तर : भाजतानाच तुकड्यातलं बरंचसं पाणी गेलेलं असतं. साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पुढे मांसाचे तंतू जोरात आकसतात आणि राहिलेला रस पिळून काढतात. कोरड्या, तापलेल्या तव्यावर आतपर्यंत ऊब पोचेस्तोवर वरचा थर पार वाळतो. त्यात काळ्या मसाल्यातलं खोबरं नि मिरची आधीच भाजलेली, पुन्हा धग लागली की करपणारच.

जाड बुडाची कढई घ्या. अर्ध्या किलोला चार मोठे चमचे पाणी पुरतं. अळणी (मसाला न घालता चिकन-मटण शिजवलेलं पाणी) शिल्लक असेल तर पाण्याऐवजी तीच घाला, चवीत फरक पडतो. पाण्याला वाफ धरली की आधी तंगड्या एका थरात मांडा, घट्ट झाकण ठेवा, गॅस अगदी मंद. चार मिनिटांनी तंगड्या उलटा आणि छातीचे तुकडे टाका. आणखी पाच-सहा मिनिटं. तुकड्याच्या मध्यापर्यंत वाफाळतं गरम झालं पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश. त्यापुढे ठेवू नका. पाणी जास्त झालं तर मसाला धुऊन जातो आणि चिकन उकडल्यासारखं लागतं. वरून खरपूस हवं असेल तर शेवटी तेलाचा हात लावून तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट, बस्स. लिंबू ताटात पिळा.

छाती आदल्या रात्रीच जास्त भाजली गेली असेल तर ती कशानेही मऊ होणार नाही. उभे धागे सोडून आडवी, पातळ चिरा, उकळत्या रश्शात घालून तीन मिनिटं झाकून ठेवा आणि कळण्याच्या भाकरीबरोबर संपवा.

खरं काम मात्र रात्रीच असतं. उरलेलं दोन तासांत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. पातेल्यात ढीग करून ठेवलं तर मधलं लवकर गार होत नाही. पसरट डब्यात, हाडासकट, न चिरता ठेवा. तीन दिवसांत खा. लागेल तेवढंच काढून एकदाच गरम करा.

प्रश्न : मायक्रोवेव्ह चालेल का? आणि फ्रिजमधल्या भाजक्या मटणाला शिळकट वास का येतो? (धुळे)

उत्तर : चालेल, पण निम्म्या पॉवरवर. चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, मिनिट-मिनिट गरम करा आणि दर खेपेला तुकडे फिरवा, कारण कडा आधी तापतात. मटणाला कढईच बरी; बारा-पंधरा मिनिटं मंद वाफेवर ठेवलं की गोठलेली चरबी आणि हाडाजवळचा चिकट भाग पुन्हा सैल पडतो.

वास येतो तो शिजलेल्या चरबीला हवा लागल्यामुळे. डबा पसरटच घ्या, पण गच्च भरा, वर मोकळी जागा ठेवू नका. गरम केल्यावर वाटीत पेटता निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, दोन मिनिटं झाकण : धुंगारात तो वास बराच दबतो. पण मटण बुळबुळीत झालं किंवा आंबूस वास आला तर चाखून बघत बसू नका, टाकून द्या. तिथे धुंगार कामाचा नाही.